दुकानात चालतो, घरी नाही

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘चार्जर बदलून नाही, बरा करून मिळेल’ असं लिहिलेलं होतं. पेंटर म्हणाला होता, “दादा, चार्जर काय माणूस आहे का, बरा करायला? ‘दुरुस्त’ लिहितो.” मी म्हणालो, पाटी माझी, भिंत माझी, तू ‘बरा’च लिही. त्यानं लिहिलं. आमच्या शहरातल्या द्वारका चौकात, पुलाच्या अलीकडच्या गल्लीत ती पाटी कितीतरी वर्षं होती. आता नाही. ती मीच उतरवली. का उतरवली ते सांगायचं राहून गेलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय एका बाईचं देणं फिटणार नाही, म्हणून हा कागद पुढं घेतला.

मी चौथी पास. संपादकांना आधीच सांगून ठेवलंय की शुद्धलेखन तुमचं, शब्द माझे. ऱ्हस्वदीर्घ बघून घ्या, पण मी ‘कंडेन्सर’ लिहिलं असेल तर कंडेन्सरच ठेवा. मीसुद्धा कुणाचा डबा उघडला तर त्यात माझ्या मनाचं काही कोंबत नाही. आणि मला इंग्रजी वाचता येत नाही असं माझ्या मागं बोलतात, ते खोटं आहे. चार्जरच्या पोटावर जेवढं इंग्रजी असतं तेवढं सगळं मला येतं. त्याच्यापुढचं लागलंच नाही कधी.

वडील एकलहऱ्याला वीज केंद्रावर रोजंदारीला होते. कोळशाची गाडी रिकामी करायचे. त्यांना वाटायचं पोरानं तिथंच चिकटावं. मी नाही म्हणालो. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. आमच्या घरात हट्ट वाटून घ्यावा लागत नव्हता, सगळ्यांना पुरून उरायचा. मी भद्रकालीत रहीमचाचांच्या रेडिओच्या दुकानात बसायला लागलो. चाचांनी पहिल्या दिवशी हातात पकड दिली नाही, स्क्रू ड्रायव्हर दिला नाही. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल द्यायचं काम दिलं. म्हणाले, “पहले आदमी को खोल, डिब्बा बाद में.”

म्हणजे काय, तर आधी माणसाला बोलू दे. रेडिओ कुठं ठेवता, कोण लावतं, पडला का, भिजला का. एका बाईचा रेडिओ दर पंधरा दिवसांनी घशात खवखवल्यासारखा वाजायचा. तीनदा उघडला, तीनदा पुसला. शेवटी चाचांनी विचारलं तेव्हा कळलं, ती दुधाचं पातेलं रेडिओवर ठेवायची. तेवढ्या उंचीवर मांजर चढत नाही म्हणून. रेडिओ बरा करायचा नव्हताच. पातेल्याला फळी मारून दिली, काम संपलं.

ही गोष्ट मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो. पाळायची मात्र विसरलो. हात बसला ना, की कान जातात.

रेडिओ गेले, टीव्ही आले. डब्यासारखे टीव्ही गेले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी दुकानं विकून मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. मी चार्जर धरले. लॅपटॉपचा चार्जर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भिंतीतली वीज म्हणजे धबधबा, आणि लॅपटॉपला पाहिजे नळाची धार. मधला तो काळा डबा धबधब्याची धार करतो. हे करताना तो तापतो. थोडा तापला तर समजावं काम करतोय. हात ठेववत नाही इतका तापला तर समजावं मरतोय.

चार्जर हातात आला की मी आधी वास घेतो. लोक हसतात. हसू देत. जळल्याचा वास लपत नाही, मीटर नंतर सांगतं ते नाक आधी सांगतं. मग तार बोटांतून ओढतो, दोन्ही टोकांशी वाकवून बघतो, कारण दहातल्या सहा रोग्यांची तारच आतून तुटलेली असते. लोक तार डब्याला घट्ट गुंडाळतात, पागोट्यासारखी, आणि मग म्हणतात, आपोआप बंद पडला. त्याच्यानंतर मीटर. पण मीटरवर विश्वास ठेवून गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस शिकाऊ. रिकामा हमाल ताठच उभा राहतो, पाठीवर पोतं दिल्यावर कळतं गुडघ्यात जोर आहे का नाही. म्हणून मी मोटारसायकलच्या हेडलाइटचे दोन बल्ब एका लाकडी फळीवर बसवलेत. चार्जरची पिन त्यांना जोडायची. बल्ब पेटले आणि पेटलेले राहिले, तर चार्जर खरा.

एकदा एकलहऱ्याचे एक साहेब आले होते. केंद्रावर मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या चार्जरला मीटर बरोबर आकडा दाखवत होतं, बल्ब पेटत होते, लॅपटॉप मात्र घेत नव्हता. मी सांगितलं, “साहेब, पिनेच्या मधोमध बारीक काडी असते, तिची तार तुटलीय. ती लॅपटॉपच्या कानात सांगते की मी तुझाच चार्जर आहे. ती गप्प बसली की लॅपटॉप परक्याच्या हातचं खात नाही.” साहेब म्हणाले, “अहो, अर्ध्या जिल्ह्याला पुरेल एवढी वीज मी बनवतो, आणि तुम्ही मला वीज शिकवता?” मी म्हणालो, “साहेब, तुमच्या तिथल्या कोळशाची गाडी माझा बाप रिकामी करायचा. थोडं आमच्याकडंही आलं.” ते खळखळून हसले. पिन बदलून दिली. अजून दिवाळीला फोन करतात.

आता बदलायचा कधी आणि बरा कधी करायचा, ते सांगतो, कारण हेच लोकांना पाहिजे असतं. तार तुटली, पिन मोडली, तर बरा होतो, आणि करावा. पण डब्याच्या आत जळलं, फुगलं, पाणी गेलं, तर नवा घ्यावा. हे आज सांगतोय. तेव्हा सांगत नव्हतो. कंपनी तो डबा असा बंद करते की त्याला स्क्रूच नसतो. कुणी उघडूच नये. मला तो माझा अपमान वाटायचा. अरे, कुणी सांगितलं मी उघडू नये? मी हॅक्सॉच्या पात्यानं सांध्यावरून डबा कापायचो, आतलं काम करायचो, आणि पुन्हा चिकटवून द्यायचो. सांधा इतका बारीक बसायचा की बघणारा नख फिरवून बघायचा. त्या सांध्यावरच माझी ती पाटी उभी होती.

तर सगुणाबाई.

एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई दुकानासमोर थांबली. साठीची, नऊवारी, डोक्यावर रिकामी पाटी. मखमलाबादकडची, स्वतःच्या शेतातली शेवंती आणि गुलाब फुलबाजारात विकून परत निघालेली. तिनं पाटी खाली ठेवली, पिशवीतून चार्जर काढला. त्याला दोन पाकळ्या चिकटलेल्या.

“दादा, हे यंत्र तापतं आन् झोपतं. सुनंचं हाय.”

“सूनबाई कुठायत? लॅपटॉप कुठाय?”

“सून कामावर.”

“कुठं कामाला?”

“घरीच. दुपारी बाराला बसती, आठला उठती. कानाला ते लावलं की घरात असून घरात नाय. कोणाकोणाच्या तक्रारी ऐकती आन् लिहून कंपनीला धाडती.”

“मग लॅपटॉप पण आणायचा ना बरोबर.”

“तो आणला तर ती काय कपाळावर लिहील?”

मी चार्जर हातात घेतला. वास घेतला. जळका. डबा कापला, आत वीज धरून ठेवणारा कंडेन्सर पुरीसारखा फुगलेला. त्या घटकेला मी नवा घ्या म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही. कंडेन्सर बदलला, डबा चिकटवला, रबर लावून ठेवला, बल्ब पेटवून दाखवले. आणि वर ज्ञान दिलं, “बाई, याला गार ठेवा. गार राहिला तर बरीच वर्षं जाईल.”

“ठेवते गार,” ती म्हणाली. “गार ठेवायचं मला नका शिकवू.”

मला वाटलं, बाई तोऱ्याची दिसते.

आठ दिवसांनी परत. “चालंना.”

मी बल्बला जोडला. दोन्ही बल्ब भक्कन पेटले. मी हात बांधून तिच्याकडं बघितलं.

“हितं पेटतं,” ती म्हणाली. “घरी झोपतं.”

“घरची वीज बघून घ्या.”

“घरची वीज चांगली हाय. टीव्ही चालतो, मिक्सर चालतो, विहिरीवरची मोटर चालती. तुमचंच तेवढं चालंना.”

“लॅपटॉप बिघडला असेल.”

“तुमी बघितला का त्याला?”

नव्हता बघितला. पण हे मान्य कोण करतो? मी चार्जर कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला.

तिसऱ्यांदा आली तेव्हा समोरच्या टपरीवर चहाला पाच-सहा जण होते. मी मुद्दाम अर्धा तास बल्ब पेटवून ठेवले. एकदाही लुकलुकले नाहीत. ती स्टुलावर बसून बल्बांकडं बघत होती, जसं भांडणातल्या दुसऱ्या बाजूच्या माणसाकडं बघावं.

“सून म्हणती हाताला मुंग्या येत्यात. त्या मशिनीला हात लावला की.”

इथं माझी दुसरी चूक. आणि ही पहिलीपेक्षा मोठी. मी न विचारताच निकाल दिला. “दोन पिनांचा प्लग लावला असेल. अर्थिंग नसलं की येतात थोड्या मुंग्या. सूनबाईंना सांगा, चप्पल घालून बसा.”

“आन् हे चालत का नाय?”

“चालतोय की! डोळ्यांनी दिसतोय ना?”

ती उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमच्या दुकानात चालतं, आमच्या घरी नाय चालत. मंग काय सून तुमच्या दुकानात आणून बसवू?”

टपरीवरचे सगळे हसले. चहावाल्याच्या हातातली किटली हलली इतका तो हसला. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, “आणा! स्टूल रिकामंच आहे. नाहीतर दुसऱ्याला दाखवा. गल्लीत दुकानं काय कमी आहेत?”

“दुसऱ्याला कशाला? हात तुमचा लागलाय. बिघडवलं तुमी, नीट बी तुमीच करा.”

जन्मात मला असं कुणी बोललं नव्हतं. मी तिच्या पाठीमागं पुटपुटलो, पण पाठ फिरवून गेलेल्या माणसाशी भांडणं म्हणजे बंद रेडिओचा कान पिळणं.

चौथ्यांदा ती आली तेव्हा डोक्यावर पाटी नव्हती, हातात चार्जरही नव्हता. बाजाराचा दिवस सोडून आली होती. आवाजही खालचा. ती टोमणा मारत नाही हे बघून मलाच कसंतरी झालं.

“दादा, तीनदा मधीच बंद पडलं. कंपनीनं सांगितलंय, आज बारानंतर पुन्ना पडलं तर उद्यापासून बसू नका. सून रडत बी नाय. नुसती भिंतीकडं बघत बसलीय.”

मी हातातली पकड खाली ठेवली. ती बोलत राहिली.

“पोराचा कारखाना बंद हाय सहा महिने. पण त्याच्यासाठी नाय सांगत. मी चाळीस वरसं पाटी वाहिली, उन्हात, थंडीत. ही पोरगी सावलीत बसून कमवती. तिचं सुटलं तर तिला माझ्या मागं पाटी घ्यावी लागंल. ते मी नाय होऊ द्यायची.”

दुकान सोडून कुणाच्या घरी जायचं नाही, हा माझा नेम. गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला मिस्त्री पाहुणा होतो आणि पाहुण्याला कुणी खरं सांगत नाही, असं माझं मत. पण त्या दिवशी मी साडेदहाला शटर ओढलं. पिशवीत मीटर टाकलं, टेस्टर, पकड आणि पातं टाकलं, आणि ‘चाचा’ घेतला. चाचा म्हणजे माझ्या दुकानातला एक जुना, वजनदार, अस्सल चार्जर. ह्याच्यावर लॅपटॉप चालला तर लॅपटॉप चांगला, इतका माझा त्याच्यावर भरोसा. त्याला मी कधी दुकानाबाहेर नेला नव्हता. बाईबरोबर रिक्षात बसलो. वाटेत तिला विचारायला वेळ होता. विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच, लॅपटॉप बिघडलेला निघू दे, म्हणजे मी सुटलो.

घर शेताच्या कडेला, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत फुलांचे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक. खिडकीशी सून, प्रतिभा, पाटावर लॅपटॉप मांडून बसलेली, कानाची वायर गळ्यात. पायात चप्पल. मी सांगितलेली. एक सव्वा वर्षाची नात क्रेट धरून उभी राहायचा सराव करत होती. घड्याळात सव्वाअकरा.

“काका, आता चालू आहे,” प्रतिभा म्हणाली. “पण मी कामाला बसले की थोड्या वेळानं जातो. तीनदा झालं असं. बॅटरी तर मेलेलीच आहे, हा गेला की सगळंच जातं.”

मी तारेवरून नजर फिरवली. लॅपटॉपमधून निघालेली तार पाटाखालून जाऊन क्रेटच्या मागं दिसेनाशी झाली होती.

“डबा कुठाय?”

सगुणाबाई पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, अभिमान होता. “गार ठेवलाय,” ती म्हणाली.

सगळ्यात खालच्या क्रेटमध्ये शेवंती होती, तिच्यावर ओली गोणी. फुलवाल्यांना हे सांगायला नको. खुडलेलं फूल उन्हाळ्यात टिकवायचं तर गोणपाट भिजवून वर टाकायचं, वाळलं की पुन्हा पाणी शिंपडायचं. तिनं चाळीस वर्षं हेच केलं होतं. शेवंती गार, गुलाब गार. आणि त्याच गोणीच्या घडीत, फुलांच्या शेजारी, माझा चार्जर. गार.

नात त्या क्रेटच्या कडेला धरून उभी होती.

“पोरीला उचला!” मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “आणि गोणीला हात लावू नका कुणी!”

प्रतिभानं पोरीला उचललं. मी टेस्टर काढला. टेस्टर म्हणजे तो छोटा दिवा असलेला स्क्रू ड्रायव्हर, वीज असली की पेटतो. आजवर मी तो हजारो तारांना लावलाय, सॉकेटला लावलाय, पंख्याला लावलाय. त्या दिवशी पहिल्यांदा गोणपाटाला लावला. दिवा पेटला.

मी दाराजवळचा मेन स्विच पाडला. पुन्हा टेस्टर लावला. विझलेला. मग गोणी उचलली. डबा बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला. मी इतक्या हौसेनं चिकटवलेला सांधा, ज्याच्यावर लोक नख फिरवायचे, तो एका बाजूनं केसाएवढा उघडला होता. कंपनीचा सांधा असता तर कदाचित टिकलाही असता. माझा टिकला नाही. पातं घालून डबा उघडला. आत पाण्याचे थेंब, तांब्यावर हिरवा थर.

आता सगळं कळलं. सून बाराला कामाला बसली की सासू मायेनं ताजं पाणी मारायची. पाणी फटीतून आत जायचं, चार्जर बंद पडायचा. मग सकाळी सगुणाबाई तो पिशवीत टाकून बाजारात न्यायची, उन्हात तास-दोन तास, आणि माझ्या दुकानात येईपर्यंत तो खडखडीत वाळलेला असायचा. बल्ब भक्कन पेटायचे. मी हात बांधून उभा राहायचो.

“मला बी चावायचं कधीमधी गोणी हलवताना,” सगुणाबाई हळू आवाजात म्हणाली. “वाटलं, वयाचं आसंल. हात बधिर होत्यात म्हाताऱ्यांचे.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो बाई, विजेवर पाणी ओततं का कुणी? ओठापर्यंत आलं होतं. पण तीच आधी बोलली.

“तुमीच म्हणले ना गार ठेवा. आमच्यात गार असंच ठेवत्यात.”

प्रतिभा म्हणाली, “काका, मी आईंना विचारलं होतं, पाणी चालतं का. तर म्हणाल्या, दुकानदारानं स्वतः सांगितलंय गार ठेवायला. मग मला वाटलं, तुम्ही सगळं बघूनच सांगितलं असेल.”

बघून! मी काय बघितलं होतं? मी चार्जर बघितला होता. तो कुठं राहतो, कुणाच्या हातात राहतो, त्याच्या शेजारी कोण उभं राहायला शिकतंय, ते चार खेपांत एकदाही विचारलं नव्हतं. सून म्हणते मुंग्या येतात, तर मी चप्पल घाला म्हणून सांगितलं होतं.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

हे दोन शब्द मी माझ्या बायकोलाही कधी म्हणालो नव्हतो. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “त्या बाईला एकदा घरी बोलवा. मला तिच्या पाया पडायचंय.”

बाराला वीस मिनिटं होती. क्रेट ओट्यावर काढले, फरशी कोरडी पुसली, मग मेन स्विच चढवला. चाचा काढला. कोरडा लाकडी पाट भिंतीतल्या फळीवर ठेवला, त्याच्यावर चाचाला मोकळा ठेवला, वर काही नाही, खाली काही नाही, पोरीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. बोर्डावरचं तीन पिनांचं सॉकेट तपासून घेतलं. पिन लॅपटॉपला लावली. लॅपटॉपनं घेतली. प्रतिभाला हात ठेवायला सांगितलं.

“मुंग्या?”

“नाहीत, काका.”

बाराला तिनं कानाला लावलं आणि ती घरात असून घरातून गेली.

मी निघायला पाहिजे होतं. दुकान बंद होतं, लोक परत जात असणार. पण पाय निघेना. ओट्यावर बसलो. तिथून दारातून चाचाचा हिरवा दिवा दिसत होता. मी आयुष्यात इतका वेळ कुठल्या दिव्याकडं बघत बसलो नाही. सगुणाबाईनं बाजरीची भाकरी, मेथी आणि ठेचा आणून ठेवला. ती पण शेजारी बसली, तीही दिव्याकडंच बघत.

“दादा, तुमी त्या दिवशी दुसऱ्याला दाखवा म्हणले.”

“म्हणलो.”

“मी गेले बी होते.”

मी तिच्याकडं बघितलं.

“गल्लीच्या तोंडावरच्याकडं. तो म्हणला, टाकून द्या, नवा घ्या. हातात बी धरला नाय त्यानं. मला वाटलं, ह्याच्यापेक्षा तो भांडकुदळ बरा. निदान अर्धा तास बल्ब तरी पेटवतो.”

मी भाकरी ताटात ठेवली. गल्लीच्या तोंडावरचा तो माणूस बरोबर होता. न बघता बरोबर होता. आणि मी इतकं बघून चुकलो होतो. तरीही बाई परत माझ्याकडंच आली. ती आली नसती, तर त्या गोणीवर पुढं कुणाचा हात पडला असता, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

चारला प्रतिभाला चहाची सुट्टी झाली. ती कानाचं काढून दारात आली. “काका, एकदाही नाही गेला.” सगुणाबाईनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच माझ्यावर खेकसली, “बघता काय? चहा घ्या, गार व्हतोय.”

निघताना मी तो ओला चार्जर हातात घेतला आणि पकडीनं त्याची तार कापून टाकली, दोन ठिकाणी, म्हणजे पुन्हा कुणी मोहानं जोडायला नको. मग म्हणालो, “हा गेला. नवा घ्या. कंपनीचाच घ्या, फुटपाथवरचा नको. येईपर्यंत माझा राहू द्या इथं.” नवा घ्या. माझ्या तोंडून हे निघायला केस पांढरे व्हावे लागले.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. पेंटरला वाटलं, दुकान विकलं. आता बंद डबे मी कापत नाही. आत गेलेलं असलं तर तोंडावर सांगतो, नवा घ्या, आणि जुन्याची तार गिऱ्हाइकासमोर कापतो. तार आणि पिन मात्र अजून मीच बरी करतो, तिथं मला कुणी नवा घ्या सांगायला येऊ नये. आणि वास घ्यायच्या आधी विचारतो, घरी कुठं ठेवता? तुम्ही विश्वास ठेवणार नाही, लोक काय काय सांगतात. गादीखाली. उशीखाली. फ्रिजच्या डोक्यावर, विणलेलं कव्हर घालून. एक गृहस्थ थंडीत पाय शेकायला घ्यायचे. गरम होऊ देऊ नका, गार ठेवा, असं मी आता कुणाला म्हणत नाही. उघड्या, कोरड्या जागी, लाकडावर, पोरांच्या हातापासून लांब ठेवा, असं सांगतो. लांबलचक वाटतं, पण सांगतो.

लोक विचारतात, ह्या धंद्यात काय कमावलं? मी म्हणतो, परत येणारी माणसं. खूश होऊन परत येणारी नव्हेत, ती तर येतातच. कावून परत येणारी. ज्याचं काम बिघडलं तो बहुतेक वेळा गुपचूप दुसरीकडं जातो आणि आपण शहाणे राहतो. भांडायला परत येतो त्यानं आपल्याला अजून टाकलेलं नसतं. चाचांनी मला एक वाक्य दिलं होतं, ते मी हरवलं. एका फुलवालीनं चार खेपा घालून, बाजार बुडवून, ते मला परत आणून दिलं.

पंधरा दिवसांनी ती आली. डोक्यावर पाटी. फुलांपासून लांब, पाटीच्या एका कोपऱ्यात, एक पुडकं. वर वर्तमानपत्र, आत जुन्या लुगड्याचा तुकडा, आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चाचा.

“कोरडा आणलाय,” ती म्हणाली. “सुनंचा नवा आला. ह्याला लावून बघा, मंगच घ्या. उद्या म्हणाल बाईनं बिघडवला.”

मी बल्ब जोडले. भक्कन पेटले. समोर टपरीवरचे बघत होते. सगुणाबाईनं त्यांच्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “दुकानात बी चालतो, आन् घरी बी!”

जाताना तिनं ओंजळभर पांढरी शेवंती काढली, दुकानातल्या बुद्धाच्या मूर्तीसाठी. मी ती पितळी ताटलीत ठेवली. बाई जागची हलेना. ताटलीकडं बघत राहिली. तिथं दुपारचं ऊन थेट यायचं.

“दादा, दुपारपत्तुर माना टाकतील. फुलं गार ठेवायची असत्यात.”

मी स्टूल तिच्याकडं सरकवलं.

“कशी ठेवायची?” मी विचारलं.

ती बसली. पुढचा अर्धा तास सांगत होती. मी मध्ये एकदाही बोललो नाही.